एका पानात बसलेला कायदा

विषय : आजारी प्राण्यांना औषधी झाडपाला मिळण्याबाबत.

संदर्भ : सशांच्या प्रतिनिधी सगुणाआक्का यांनी मांडलेले विधेयक, पळसाचे पान एक.

बालमित्रांनो, वरील विषयास अनुसरून सांगायचे ते असे, की एका जंगलात औषध भरपूर होते आणि आजारीही भरपूर होते. फक्त दोघांची गाठ पडत नव्हती.

औषधाचा पाला उगवे उंच कड्यावर. कडा वानरांच्या ताब्यात. पाला हवा असेल, तर झाडाच्या शेंड्यावरची फळे तोडून वानरांना नेऊन द्यावी लागत. सशांना झाडावर चढता येत नाही. हा सशांचा दोष आहे, पाल्याचा नाही, असे वानर म्हणत.

सगुणाआक्काचा नवरा रावजी. त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता आणि पायाचा भोपळा झाला होता. पाला बांधला तर आठ दिवसांत सूज उतरेल, हे सगळ्यांना माहीत होते. तोवर रावजी उंच गवतात दडून असे. पण माघ सरत आला होता. होळीपर्यंत गवत वाळून आडवे होते. मग न पळणारा ससा अर्ध्या कोसावरून दिसतो.

म्हणून आक्काने विधेयक लिहिले. चारच वाक्यांचे. 'आजारी पडेल त्याला पाला मिळेल. फुकट मिळेल. लगेच मिळेल. मागत फिरावे लागणार नाही.'

"बघा," ती रावजीला म्हणाली. "यात न समजण्यासारखं काही आहे का?"

"नाही ना. त्याचीच भीती वाटते," रावजी म्हणाला.

आता त्या जंगलाचा एक रिवाज सांगायला हवा. तिथे कायदा पळसाच्या एकाच पानावर मावावा लागे. पूर्वी कायदे वडाच्या सालीवर लिहीत. ते इतके लांबत, की कायदा वाचून होईपर्यंत गुन्हेगार आपल्या मरणाने मरे. म्हणून सुधारणा झाली. पान एक, तेही जोड न दिलेले. नवे काही घालायचे, तर जुने काही पुसायचे. आणि पुसायचे ते ज्याचे विधेयक त्यानेच, स्वतःच्या हाताने. म्हणजे मागाहून तक्रार नको.

सभेचा लेखनिक साळिंदर होता. तो स्वतःच्याच काट्याने लिही आणि पुसण्यासाठी शेजारी ओल्या शेवाळाचा गोळा ठेवी. अमुक वाक्य चांगले, तमुक वाईट, असे तो कधी म्हणाला नाही. तो एवढेच म्हणे, "जागा नाही."

सभेत मते एकवीस. कायद्याला अकरा लागत. गवत खाणाऱ्यांची मते आठ.

तेव्हा कोल्हा आपण होऊन आक्काकडे आला. त्याला सगळे बापूसाहेब म्हणत. मतांची जुळवाजुळव हा त्याचा व्यवसाय.

"आक्का, तीन मतं कमी पडतात. माझ्यावर सोडा."

"तुम्ही तर सभासदसुद्धा नाही, बापूसाहेब."

"म्हणून तर सगळे सभासद माझं ऐकतात!"

पान आणि शेवाळ घेतलेल्या साळिंदराला बरोबर घेऊन दोघे आधी गेले वानरांच्या म्होरक्याकडे. त्याचे नाव लंबोजी नाना. नाना पान वाचून अगदी दुखावला.

"आक्का, 'फुकट' हा शब्द जिव्हारी लागला बघा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कडा सांभाळतो. त्या कष्टांना काही किंमत आहे की नाही?"

"कडा देवानं उभा केलाय, नाना."

"पण त्यावर बसतं कोण?"

नानाचे म्हणणे साधे होते. 'पाला वानरांच्या हातून, वानर ठरवतील त्या किमतीला दिला जाईल,' एवढे घाला, मत तुमचे.

बापूसाहेबांनी आक्काला बाजूला घेतले. "फुकट गेलं, पण पाला राहतोय ना? किमतीचं मागाहून बघू. आधी पास होऊ द्या, मग सुधारू."

"जागा नाही," साळिंदर म्हणाला.

आक्काने शेवाळ उचलले आणि 'फुकट मिळेल' पुसले.

मग लांडगा. लांडगे सरदार बोलायला फार गोड. त्यांनी बसायला जागा दिली. आक्का उभीच राहिली.

"योजना उत्तम आहे," सरदार म्हणाले. "काळजी एकच. खोटे रोगी घुसतील. म्हणून प्रत्येक रोग्यानं पाणवठ्यावर समक्ष हजर राहावं. एकट्यानं. आम्ही त्याला पळून दाखवायला सांगू. जो पळाला तो धडधाकट. त्याला पाला कशाला?"

"आणि जो पळाला नाही?"

"तो खरा आजारी. त्याच्याकडे आम्ही जातीनं लक्ष देऊ."

आक्काच्या पाठीवरचे केस उभे राहिले. "बापूसाहेब, हे मला जमणार नाही."

"मग राहू द्या," बापूसाहेब शांतपणे म्हणाले. "पान घरी न्या. चार वाक्यं घरात टांगून ठेवा. रावजींना तेवढंच वाचायला. लांडगा विरोधात गेला तर तरस जाईल, तरसामागून बिबळे. मग दहा वर्षं या जंगलात औषधाचं नाव कोणी काढणार नाही. आणि अहो, पाणवठ्यावर दर वेळी लांडगा असतोच असं कुठंय?"

आक्काने बाहेर पाहिले. गवताची पाती टोकाला पिवळी पडली होती.

"जागा नाही," साळिंदर म्हणाला.

तिने 'लगेच मिळेल' पुसले.

तिसरे मत गिधाडांच्या दादासाहेबांचे. ते वाळल्या सागावर मान खाली घालून बसले होते. त्यांचा विरोध तत्त्वाचा होता.

"आजारपण ही निसर्गाची व्यवस्था आहे. त्यात ढवळाढवळ बरी नव्हे. तरी जनमताचा आम्ही आदर करतो. फक्त 'मागत फिरावे लागणार नाही' हे काही शिस्तीचं नाही. अर्ज असावा. अर्जाची छाननी असावी. छाननी पुरी होईपर्यंत उपचार नसावेत."

"छाननी कोण करणार?"

"आम्ही करू की. आमच्याइतका धीर जंगलात दुसऱ्या कोणाला आहे?"

हे मात्र कोणालाच खोडून काढता आले नाही. आक्काने तेही वाक्य पुसले. आता पुसताना तिला वेळ लागेनासा झाला होता.

अकरा मते झाली. बापूसाहेबांनी पेढ्याऐवजी एक बोर तोंडात टाकले. तेवढ्यात सिंहाच्या गुहेतून निरोप आला, की महाराज जागे झाले आहेत आणि त्यांनाही योजना पसंत आहे. योजनेला आपले नाव असावे, इतकीच त्यांची इच्छा. नाव बिरुदांसह : 'वनाधिराज, श्वापदकुलभूषण, गर्जनाधुरंधर, आर्तत्राते श्रीमन्महाराज केसरीसिंह संजीवनी योजना.'

साळिंदराने पान उलटसुलट करून पाहिले. "जागा नाही," तो म्हणाला. पण या वेळी त्याने आक्काकडे पाहिले नाही.

"आता काय पुसू?" आक्काने विचारले. "पाला मिळेल, एवढंच उरलंय."

"ते तर बाकीच्या वाक्यांत गृहीतच आहे," बापूसाहेब म्हणाले. "वानर पाला देणार, म्हणजे तो कोणाला तरी मिळणारच! आक्का, घास तोंडाशी आलाय. आधी पास होऊ द्या."

"मग सुधारू," आक्का आपणच म्हणाली आणि शेवाळ फिरवले.

साळिंदराने त्या जागी महाराजांचे नाव घातले. शेवटी थोडी जागा शिल्लक राहिली, तिथे बसेल असे लिहिले : 'आजारी पडेल त्याला अर्ज करता येईल.'

कायदा अकरा मतांनी नव्हे, एकवीस मतांनी मंजूर झाला. असे त्या जंगलात कधी घडले नव्हते. बापूसाहेबांना खांद्यावर घेण्यात आले. लांडग्यांनी आनंदाने टाहो फोडला. सांबरांना तो रडल्यासारखा वाटला, पण सांबरे मुळातच घाबरट.

आक्का पान घेऊन घरी आली.

"पाला आणलास?" रावजीने विचारले.

"कायदा आणला."

रावजीने ते वाचले. मग मागची बाजू पाहिली. "हेच बांधू का पायाला? पळसाचं पान थंड असतं म्हणतात."

"चेष्टा करू नका. पुढच्या बैठकीत सुधारणा करायचं ठरलंय."

"पुढची बैठक कधी?"

"पावसाळ्यानंतर."

गवत विरळ झाले होते. बसल्या जागेवरून आता रावजीला पाणवठा दिसत होता. म्हणजे पाणवठ्यावरूनही तो दिसत असणार.

"अर्ज करून बघतो," तो म्हणाला. "इथं बसून तरी काय होणार?"

"एकटे जाऊ नका. मी येते."

"एकट्यानंच जायचंय. तूच मंजूर करून आणलंस ना?"

हे तो रागाने म्हणाला नाही. तो तीन पायांवर उड्या घेत गेला. उतारावर एकदा थांबला, कान हलवले आणि पुढे गेला.

दोन दिवस वाट पाहून आक्का सागाखाली गेली. दादासाहेबांचे नुकतेच जेवण झाले होते. ते सुस्तावले होते.

"या, आक्का. अर्ज अगदी नियमात आहे. अर्जदार समक्ष आले, एकटे आले, पळून दाखवू शकले नाहीत. लांडग्यांनी तसा दाखला दिलाय. आजार खरा होता, यात शंका नाही."

"मग पाला?"

"पाला द्यायचा तर अर्जदाराच्या पंजाचा ठसा लागतो. ते त्यानंतर आलेले नाहीत."

"ते कसे येतील, दादासाहेब?"

"तेही कारण नोंदवलंय. आम्हाला घाई नाही."

आक्का तिथून थेट बापूसाहेबांकडे गेली. म्हणाली, "चला, आता सुधारू."

बापूसाहेबांना वाईट वाटले. डोळ्यांत पाणीही आले. "आक्का, एकमतानं झालेला कायदा! त्यात महाराजांचं नाव! आणि तो बदला, असं म्हणणार कोण, तर ज्यांनी तो मांडला त्याच? जंगल काय म्हणेल?"

होळी झाली. गवत आडवे झाले. योजना सुरू असून तिच्याविषयी एकही तक्रार आलेली नाही, असे सभेला कळवण्यात आले. रावजीचा अर्ज मंजूर झालेला नाही. नामंजूरही झालेला नाही. तो छाननीसाठी प्रलंबित आहे.

तात्पर्य : बालमित्रांनो, फार ताणू नये. सर्वांना सामावून घ्यावे. एका रोग्याच्या समाधानासाठी अख्ख्या सभेचे मन मोडणे बरे नव्हे.