माशांची शिडी आणि चार इंची खिळा

"हा खिळा?" अल्गोत चष्मा कपाळावर चढवत म्हणाला. "याला मी माझा हातमोजासुद्धा टांगणार नाही!"

विद्यापीठाच्या ऑफिसातून मिळालेला तो खिळा होताच मुळी नखाएवढा. समोर जिन्याच्या वरच्या टोकाला भिंतीवर पाइनची जाड फळी, आणि तिच्यावर आजवर डॉक्टर झालेल्यांचे प्रबंध ओळीने ठोकलेले. रीतच तशी. प्रबंध छापून आला की कोपऱ्याला भोक पाडायचं आणि चारचौघांदेखत फळीला ठोकायचा, म्हणजे ज्याला खोट काढायची असेल त्याने परीक्षेआधीच वाचून घ्यावं. तीन आठवडे आधी ठोकला नाही तर परीक्षा रद्द. त्याच्या लेकीच्या, ईल्वाच्या प्रबंधाचं खोकं छापखान्यातून आज दुपारी आलं होतं आणि मुदत आजच तीनला संपत होती. चुकली, तर पाच वर्षांची मेहनत थेट पुढच्या हिवाळ्यात.

"बाबा, आहे तोच ठोका ना," ईल्वा म्हणाली. "अडीच वाजलेत."

हातोडी बाबांच्याच हातात द्यायची, हा तिचा हट्ट. त्याला कारण होतं. हिवाळ्यापासून बाप-लेकीत एक गोष्ट अडकली होती, ती म्हणजे पान एकशे बारा.

अल्गोत धरणावर अडतीस वर्षं मुकादम होता. माशांना धरण चढून जाता यावं म्हणून काठाला पायऱ्यापायऱ्यांची सिमेंटची शिडी बांधायची ठरली, तेव्हा शहरातल्या मोठ्या इंजिनिअरने साक्षात अल्गोतला विचारलं होतं, "कुठे बांधू या?" अल्गोतने डाव्या काठाकडे बोट दाखवलं. कातळ पक्का होता तिथला. आयुष्यात एवढा मान त्याला पुन्हा मिळाला नाही. लोक रविवारी बायकोला नाचायला नेतात, हा गुनवोरला शिडी दाखवायला न्यायचा. खांद्यावर ईल्वा असायची.

आणि तीच ईल्वा मोठी होऊन मासे शिकली आणि तिने लिहिलं, की शिडीची जागा चुकली! मासा जोराच्या पाण्याकडे जातो, जोराचं पाणी उजव्या काठाला, म्हणून बिचारे तिथेच डोकं आपटत बसतात आणि शिडी रिकामी राहते. कच्च्या प्रतीचा गठ्ठा घरी आला तेव्हा शेजारी तो चाळत म्हणाला, "अरे, तुझी शिडी आहे बघ एकशे बारावर." अल्गोतने थेट ते पान उघडलं. लाकडाच्या खोपटात बसून चार वेळा वाचलं आणि गठ्ठा बांधून ठेवून दिला.

तसा लेकीचा अभिमान काय कमी होता? पण गावात फुशारकी म्हणजे पापच. दुकानात कुणी विचारलं, "ईल्वा काय करते?" तर हा म्हणायचा, "अजून शाळेतच आहे." आणि टोपीच्या अस्तरात मात्र तिच्यावरचं वर्तमानपत्राचं कात्रण. घामाने अक्षरं पुसली तरी ते तिथेच होतं.

ईल्वाला हवा होता एक होकार. त्यांच्याकडे होकाराला शब्दही लागत नाही. ओठांचा चंबू करून श्वास आत ओढायचा, "श्शुप", की झालं. पण अल्गोतचा श्शुप महाग. गुनवोरला एकदाच मिळाला होता, लग्नात, पाद्रीबाबांनी विचारल्यावर.

"माझा खिळा आणलाय मी," अल्गोतने कोटाच्या खिशातून चार इंची काढला. "शिडीच्या सेंटरिंगमधला उरलेला."

"बाबा, हा भिंतीपलीकडे जाईल!"

"जाऊ दे की. पक्का बसेल."

पहिला ठोका. दुसरा. तिसऱ्याला भलताच आवाज आला, ठण्ण. आणि मग बारीक सूं सूं.

"अल्गोत," गुनवोर म्हणाली, "भिंत रडतेय बघ."

"खिळ्याला हात लावू नका!" प्राध्यापक हेडविगबाई ओरडल्या. ईल्वाच्या त्या मार्गदर्शक. पण चुकीचा बसलेला खिळा उपटून काढायचा, हे अल्गोतच्या हातात अडतीस वर्षांचं मुरलेलं. हात थांबला नाही.

आगीच्या बंबाचा पाइप होता तो! पाण्याचा झोत असा सुटला की हेडविगबाईंचा चष्मा एकीकडे आणि बाई दुसरीकडे. प्रबंध फळीवरून निसटला आणि पाण्याबरोबर जिन्यावरून खाली निघाला. ईल्वाने झेप घेतली, तिच्या हाती पायपुसणं लागलं.

"कॉक कुठाय?" अल्गोत.

"तळघरात! किल्ली सिक्स्टेनकडे!" हेडविगबाई. "पण तो कॉफीला बसलाय!"

इथे माणसाला एक वेळ बोहल्यावरून उठवता येतं, पण कॉफीवरून नाही.

"मी बघते," गुनवोर म्हणाली आणि गेली.

इमारतीचा राखणदार सिक्स्टेन तिकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे सोडत बसला होता. "पाणी? किती?"

"जिन्यावरून वाहतंय."

"मग हा बन संपवतो नि आलोच."

गुनवोरने त्याचा दालचिनीचा बन उचलला आणि चालू लागली. सिक्स्टेन किल्लीसकट मागोमाग धावला.

इकडे पाणी पायऱ्या उतरत खालच्या हॉलात पोहोचलं. जिन्याला लागूनच ईल्वाच्या प्रयोगाची गोल टाकी होती. टाकीत धरणाचं छोटं धरण, डाव्या कडेला अल्गोतच्या शिडीची छोटी शिडी, आणि दोन किलोची एक ट्राउट मासळी. विद्यापीठातल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं राणी. सहा आठवड्यांत राणीने शिडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. अल्गोत म्हणायचा, "मासळीच आळशी आहे!"

जिन्याचं पाणी धबाधबा टाकीत पडू लागलं. उजव्या कडेला.

राणी जागच्या जागी वळली. एक गिरकी घेतली आणि सपकन टाकीबाहेर उडी मारून पहिल्या पायरीवर!

"अरे, अरे, अरे!" अल्गोत कठड्याला धरून वाकला.

दुसरी पायरी. शेपटीचा फटका, तिसरी. पाणी जेमतेम चार बोटं, पण राणीला त्याचं काही नाही. चौथी. हेडविगबाई चष्म्याशिवायच बघत होत्या. पाचवी.

"पाच," अल्गोत पुटपुटला. त्याने खाली टाकीतल्या डाव्या शिडीकडे पाहिलं. मग उजवीकडून पडणाऱ्या पाण्याकडे. मग पुन्हा शिडीकडे.

ईल्वाने मुद्दाम राणीवरच नजर ठेवली. शहाणी पोर.

तळघरात सिक्स्टेनने कॉक फिरवला असावा. पाणी एकदम आटलं आणि राणी सहाव्या पायरीच्या तोंडाशी उघडी पडली. अल्गोतने अंगातला ठेवणीतला कोट काढला, पाण्यात बुचकळून तिच्याभोवती लपेटला आणि गुडघे दुखत असताना धडधड जिना उतरला. "थांब गं बाई, झालंच," असं म्हणत त्याने तिला टाकीत सोडलं. एवढं गोड तो घरात कुणाशी बोललेला नव्हता.

"तीनला पाच कमी!" ईल्वा टाकीतून प्रबंध काढत ओरडली. पुस्तक नुसतं निथळत होतं. "वर फळीमागे पाइप फुटलाय, तिथे ठोकता यायचं नाही. बाई, आता?"

"नियमात फळी म्हटलेलं नाही," हेडविगबाई म्हणाल्या. "लाकूड विद्यापीठाचं हवं, बस."

हॉलच्या दाराला दोन लाकडी खांब होते. अल्गोत चार इंची खिळा घेऊन सवयीने डाव्या खांबाकडे निघाला. मध्येच थांबला. परत फिरला.

"कुठे ठोकू?" त्याने लेकीला विचारलं. "जागा तू दाखव."

ईल्वाने उजव्या खांबाकडे बोट केलं.

अल्गोतने आधी खांबाला कान लावला, टिचकी मारून पाहिली. मग तीन ठोके. हेडविगबाईंनी ओल्या कागदावर वेळ लिहिली, दोन एकोणसाठ. गुनवोरने टाळ्या वाजवल्या. सिक्स्टेनने तिच्या हातातून आपला बन परत घेतला.

"सिमेंटात खोट नव्हती हं," अल्गोत खांबाकडे बघतच म्हणाला.

"नव्हतीच," ईल्वा म्हणाली. "लिहिलंय की मी ते. एकशे अकरावर."

"एकशे अकरा?"

"बाबा! तुम्ही पान उलटलंच नाहीत?"

अल्गोतने चष्मा नाकावर आणला आणि ओली पानं हळूहळू सोडवत गेला. एकशे अकरावर लिहिलं होतं, की तीस वर्षांत या शिडीला एक तडा नाही, या नदीवर एवढं पक्कं बांधकाम दुसरं नाही, आणि उजव्या काठाला नवी शिडी बांधाल तर अशीच बांधा. खाली बारीक अक्षरात नाव होतं: मुकादम, अल्गोत नूर्दबेर्ग.

त्याने ते चार वेळा वाचलं. मग टोपी काढली, परत घातली. डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला.

"श्शुप," अल्गोत म्हणाला.

"चव्वेचाळीस वर्षांत दुसरा," गुनवोर हेडविगबाईंना सांगू लागली. "पहिला मला."

अल्गोतने वर, भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. "पण त्या पाइपची जागा मात्र साफ चुकलीये," तो म्हणाला. "तेही लिही कुठेतरी, डॉक्टर."