उबेची बंडी

दुर्योधनभाऊ भेटले की 'जय भीम' म्हणायच्या आधी मनगट धरायचे. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि मग वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणायचे, "साडेअठ्ठ्याण्णव. अन् हे सारं बरबाद होऊन राह्यलं, बाबू."

बरबाद होत होती ती माझ्या अंगातली ऊब. मी तेव्हा आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होतो आणि ते हिवतापाचे कर्मचारी. सायकलवरून गावोगाव हिंडायचं, तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, ही त्यांची नोकरी. लोकांच्या काखेत वर्षानुवर्षं थर्मामीटर लावून त्यांच्या मनानं घेतलं होतं की माणूस म्हणजे पेटलेली शेगडी आहे आणि तिच्यावर कोणी काहीच शिजवत नाही. एकशे चार ताप दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा. "बढिया," ते पुटपुटायचे. गोधडीत कुडकुडणारा एक म्हातारा त्यांना म्हणाला होता, "मी मरून राह्यलो अन् तू बढिया म्हणतं?"

आमच्याकडच्या कोळशाची वीज उंच मनोऱ्यांवरून, सागाच्या शेंड्यांवरून दूरच्या शहरांना निघून जायची आणि खाली गावंच्या गावं अंधारात. दुर्योधनभाऊ त्या तारांकडे बघायचेसुद्धा नाहीत. "तिले जाऊ दे. आपल्यापाशी आपली आहे." मग सायकल मोहाच्या झाडाला टेकवून माणसांच्या उबेवर चालणाऱ्या विजेचं स्वप्न सांगत बसायचे. अहेरीचा बाजार भरला आहे, माणसाला माणूस खेटून उभा आहे आणि त्या नुसत्या गर्दीवर सगळ्या दुकानांतले दिवे लागलेत. लग्नाचा मांडव वऱ्हाडाच्या उबेवर उजळलाय. सारं गाव झोपलंय आणि प्रत्येक गोधडीतून पिवळसर उजेड पाझरतोय, झुडपावर काजवे बसावेत तसा. "झोपलेला मानूस बी कामी येते, बाबू." झोपलेल्या माणसाचाही उपयोग असतो, ही कल्पना मला सरकारी कारकून म्हणून फार धीर देऊन गेली.

युक्ती त्यांना शाळेच्या विज्ञानाच्या गुरुजींनी सांगितली होती. तांब्याची तार आणि लोखंडाची तार दोन टोकांना एकमेकींत पिळायची. एक टोक गरम आणि दुसरं गार राहिलं की मध्ये चिमूटभर वीज वाहते. असे शेकडो पीळ त्यांनी आधी घरच्या गोधडीत शिवले. सुलोचनावहिनींनी आठ दिवस टोचून घेतलं आणि नवव्या दिवशी विचारलं, "मी तुमची बायको होय का बॅटरी?" त्याच दिवशी त्या भद्रावतीला भावाकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमचा बल्ब पेटल तवा कळवा. तवा येईन."

याला वर्ष उलटून गेलं होतं. दुर्योधनभाऊ हे रडत सांगत नसत. वरिष्ठ कार्यालयानं एखादी अट घालावी आणि ती रास्तही असावी, तसं सांगत. "बल्ब पेटला का येते ते."

वहिनी गेल्या, गोधडीची बंडी झाली आणि बंडीच्या आत मी आलो. तिच्या पाठीवर दोन तळहातांएवढं तारांचं ठिगळ, तिथून दोन वायरी निघून शाळेतून मागून आणलेल्या मीटरला. मीटरचा काटा मधोमध शून्यावर, वीज वाहील त्या बाजूला कलणारा. ती बंडी घालून मी ऑफिसात बसायचो. तांब्याला घाम लागून पाठ हिरवी व्हायची. पौषातल्या एका सकाळी काटा उजवीकडे तीन घरं सरकला. दुर्योधनभाऊ कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "हे तू होय, बाबू," ते हळूच म्हणाले. आमच्या डेपोत ओंडक्यांची मोजणी रोज व्हायची, माझी कोणी केली नव्हती. मी फुलून गेलो. पण तीन घरांवर बल्ब काही लागत नाही. त्याला माझ्यासारखे कैक लागले असते, आणि माझ्यासारख्या एकालाच सगळे कंटाळले होते.

इथं मी माझी अक्कल चालवली. वहिनी परत आल्या तर माझी पाठ सुटेल, असा सरळ स्वार्थी विचार करून त्यांना परस्पर पत्र टाकलं: "बल्ब पेटला. निघून या." दुर्योधनभाऊंना बोललो नाही. उत्तर आलं नाही, तसा मीही विसरलो.

वहिनी आल्या त्या मे महिन्यात, बाराच्या बसनं. मी नेमका दुर्योधनभाऊंच्या पडवीत बसलो होतो.

"कुठी आहे बल्ब?"

"कोन्ता बल्ब?"

वहिनींनी पिशवीतून माझं पत्र काढलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी छपराच्या कवेलूंकडे पाहिलं आणि मग कबूल केलं.

"तीनची बस आहे परतीची," वहिनी म्हणाल्या. पिशवी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

"बल्ब नाई, पन काटा हलते. तेवढं पाहून जा." दुर्योधनभाऊंनी घाईनं बंडी चढवली, मीटर मांडीवर घेतला आणि आमच्याकडे पाठ करून बसले; आम्ही त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. बाहेरून भट्टीचं दार उघडावं तसा वारा येत होता. काटा हलला. चांगला झपाट्यानं हलला, पण डावीकडे.

"उलटा काऊन चालला?" वहिनींनी विचारलं.

त्यांनी पडवीबाहेर तळहात धरून वारा पाहिला. "आज बाहेर अंगाहून जास्त गरम आहे. ऊब निघून नाई राह्यली. आत घुसून राह्यली."

असं बोलावणं धाडताना पाहुणा थंडीतच येईल असं बघायचं असतं, एवढंही मला सुचलं नव्हतं.

"म्हंजे तुमी वीज बनवत नाई, खाता," वहिनी म्हणाल्या. वाकून त्यांनी बंडीच्या कडेतून आत पाहिलं. पाठभर ओरखडे होते, हिरवे. माझी पाळी संपली की ते स्वतः घालत असत, हे मलाही तेव्हाच कळलं. वहिनींनी पिशवी ठेवली आणि तापलेल्या तारांच्या ठिगळावर दोन्ही तळहात टेकवले.

काटा हळूहळू परत आला. शून्यावर येऊन थांबला.

"काय केलं तू?" दुर्योधनभाऊंनी मान न वळवता विचारलं.

"हात ठेवला. बिघडलं का?"

"नाई. आता इकडं जेवढी ऊब, तिकडं बी तेवढीच. फरक नाई उरला."

"मंग वीज?"

"वीज नाई."

"मंग काढू हात?"

"राहू दे," दुर्योधनभाऊ म्हणाले. "रीडिंग घेऊन राह्यलो."

तीनची बस आली, हॉर्न वाजवून गेली. त्यांचं रीडिंग अजून चाललं होतं.