हाल्मस्टेटच्या बोकडाचा अधिकृत अर्थ

ज्या गावाला बोधचिन्ह नाही त्याला इतिहास नसतो, नुसतीच माणसं असतात. जर्मनीतलं आमचं हाल्मस्टेट या संकटातून फार पूर्वीच वाचलं. आमच्या ढालीवर तांबड्या रंगावर पांढरा बोकड आहे, उजवा पाय उचललेला. (डावा उचलला असता तर काय अनर्थ ओढवला असता, हे सरकारी अभिलेखागाराने अद्याप कळवलेलं नाही.)

बोकडाचा अर्थ नगरपालिका वेळोवेळी ठरवते. कैसरच्या काळात तो शौर्य होता. पुढे रक्ताची शुद्धता झाला. मग देशाचे दोन तुकडे झाले आणि आमच्या बाजूला तो सामुदायिक शेतीचा आघाडीचा कामगार ठरला. सध्या तो गुंतवणूकदारांच्या स्वागताला पाऊल उचलून उभा आहे. बोकडाने एकदाही हरकत घेतलेली नाही. आदर्श नागरिक.

खरी हकीकत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संस्थानिक जेवायला येणार होता आणि गावात मटण नव्हतं. नगरसभेने गेझे वुल्फर्ट नावाच्या विधवेचा एकुलता एक बोकड दावणीचा सोडून नेला. ती ओरडली, म्हणून तिला भर हिवाळ्यात वेशीबाहेर हाकललं. संस्थानिकाने ढेकर दिला, खूश होऊन ढाल दिली आणि विचारलं, "हिच्यावर काय काढायचं?" सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं.

यंदा चौकात बोकडाची पितळी पाटी बसायची होती. बेकरीवाली इर्मट्राउट पेश्के सभेत उभी राहिली. "अर्थबिर्थ राहू द्या. पाटीवर त्या बाईचं नाव टाका."

"इर्मट्राउटबाई, पाटीवर जागा नाही हो," नगराध्यक्ष श्नूर म्हणाले.

"बँकेचं नाव बरं मावलं."

"बँकेने पाटी दिलीय. आणि बँक इथं आहे. ती बाई कुठाय?"

"हाकललीत तुम्ही, श्नूरसाहेब, आणि पत्ता मला विचारता?"

लोक पोट धरून हसले. हेच बोलल्याबद्दल तिचा आजा एका राजवटीत आणि बाप दुसऱ्या राजवटीत तुरुंगात गेला होता. आता लोकशाही आहे. तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, इतिवृत्तात नोंदलं, आणि पाटी ठरल्याप्रमाणे बसली. समारंभाला भाजलेला बोकड होता. (पाव इर्मट्राउटच्या बेकरीचा.)

असल्या गावाची तुम्हाला चीड आली असेल. वाचक सहृदय असतात. तर मग त्या विधवेचं नाव सांगा. वर एकदा लिहिलंय. डोळे वर न्यायचे नाहीत.

राहू द्या. बोकडाने कुठला पाय उचलला होता, ते आठवतंय ना?