नमूवन्संची बर्फावरची सोयरीक

मार्चमध्ये भिवंडीत दुपारी किती उकडतं ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत तर पॉवरलूमची गरमी वेगळी. अशा वेळी आमच्या समोरच्या घरात माझ्या थोरल्या नणंदबाई, नमूवन्सं, कानटोपी, स्वेटर आणि लोकरी मोजे घालून, पंखा बंद करून टीव्हीसमोर बसलेल्या असतात. पडद्यावर बर्फ असतो.

"त्या पोरी एवढ्याशा झग्यात बर्फावर गिरक्या घेतायत आणि मी पंख्याखाली बसू? बघूनच हुडहुडी भरते गं मला!"

घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो. तो पुसून पुन्हा हुडहुडी.

हा मान सगळ्या खेळाडूंना मिळत नाही. नाव जपानी पाहिजे आणि झेंडा दुसऱ्या देशाचा पाहिजे. वन्संचा मुलगा शिरीष कॅनडात असतो. त्याची बायको युकी तिथलीच, पण तिचे आजोबा जपानातून आलेले. हे लग्न झालं तेव्हापासून जगात जिथे कुठे जपानी नावाचं माणूस परक्या झेंड्याखाली बर्फावर उतरेल, ते वन्संच्या नात्यात. अमेरिकेकडून फळीवर उभा राहून हवेत कोलांट्या मारणारा मुलगा "आपल्या व्याह्यांकडचा". दगड सरकवून पुढे झाडू मारायच्या खेळातली बाई "युकीची लांबची मावशी लागत असेल". तिला तर त्या इथून ओरडून सांगतात, "अगं, कोपरा सुटला, कोपरा!" चाळीस वर्षं शाळेत मुलींना कवायत शिकवली, ती सवय कुठे जाणार?

"आणि खुद्द जपानच्या पोरी?" मी एकदा विचारलं.

"त्यांना अख्खा जपान आहे. हिचं बघ. नाव एकाचं, झेंडा दुसऱ्याचा. हिची दृष्ट कोण काढणार?"

म्हणून वन्सं काढतात. पोरगी बर्फावर आली की मुठीत मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन टीव्हीवरून ओवाळायच्या आणि तापल्या तव्यावर टाकायच्या. ठसका लागला तर काळजी नाही. लागला नाही तर पोरीला जबर दृष्ट लागलेली. पंखा बंद, त्यामुळे ठसका खालच्या शाहीनभाभीपर्यंत जातो.

"आपा! आज फिर किसकी नजर उतारी?" ती जिन्यातून खोकत विचारते.

"जपान की लडकी है, अमेरिका से खेल रही है!"

"तो खाँसी भिवंडी को क्यूँ?"

"खोकली ना? मग सुखरूप आहे पोरगी," वन्सं मला म्हणतात.

मी हसते, पण जपून. कारण लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा माझ्यासारखी शहाणी दुसरी नव्हती. मी ठाण्याची, सायन्स ग्रॅज्युएट. पहिल्याच दिवशी सासूबाईंना विचारलं, "हा लूमचा खडखडाट बंद कधी होतो?" वन्सं म्हणाल्या, "बंद झाला तर सांग, लाइट गेली असेल." दृष्टीबद्दल तर मी त्यांना प्रकाशकिरण कसे सरळ रेषेत जातात यावर भाषणच दिलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी माझीच दृष्ट काढली. "एवढं बोलतेस, लागेल कुणाची तरी."

बर्फाचा अनुभव मात्र आमच्या घरात मलाच पहिला. मनालीला भाड्याचा कोट आणि गमबूट चढवून, फोटोसाठी कमरेवर हात ठेवून मी ऐटीत उभी राहिले. पाय पुढे गेले, मी तिथेच राहिले. उरलेला उतार मी पाठीवरून पाहिला. ह्यांनी फोटो काढला तो नेमका त्यानंतरचा. त्यात नुसते गमबूट आहेत.

असो. सांगायचं आहे ते शिरीषच्या मुलीचं, मिकाचं. सतरा वर्षांची मिका बर्फावर स्केटिंग करते, स्पर्धांना जाते. तुम्हाला वाटेल, जगभरच्या पोरींसाठी मिरच्या जाळणारी बाई नातीच्या वेळी तर मिरच्यांचं पोतंच उघडत असेल. छे! नातीचं स्केटिंग वन्सं बघतच नाहीत. शिरीष व्हिडिओ पाठवतो, त्या उघडत नाहीत. मिकाचा व्हिडिओ कॉल आला तर फोन असा धरतात की तिला छताचा पंखा दिसावा आणि आपल्याला काहीच दिसू नये. कॅनडात सगळ्यांना वाटतं, आजीला फोन धरता येत नाही.

कारण फक्त मला माहीत आहे. गेल्या वर्षी वन्सं तिकडे गेल्या होत्या. मिकाचा सराव बघायला काचेशी उभ्या राहिल्या. ती लूमवरची सुताची कांडी फिरावी तशी जागच्या जागी गरगर फिरली आणि यांच्या तोंडून निघालं, "काय देखणी दिसते गं माझी बाय!" पुढच्याच उडीला मिका पडली. मनगट मोडलं.

"मायेची दृष्ट सगळ्यात वाईट, सुमन. माझीच लागली."

"मग काढा ना तुम्हीच."

"ज्याची लागते त्याने काढून उतरत नाही."

हा नियम मी कुठे ऐकलेला नाही. पण कवायतीच्या बाईंना नियमाचा पुरावा मागायची आमच्या घरात पद्धत नाही.

परवा मिकाचा आवाज फोनवर आला. मनगट बरं झाल्यानंतरची तिची पहिलीच मोठी स्पर्धा, युरोपात, कितीतरी देशांच्या मुली. तिच्या मोडक्या मराठीत ती म्हणाली, "आजी, ह्या वेळी तू बघ. मला माहीत आहे तू बघत नाही. प्लीज."

स्पर्धेच्या दुपारी मी त्यांच्या टीव्हीवर ते प्रक्षेपण चालू केलं. कसं केलं ते विचारू नका, दुसऱ्यांदा जमणार नाही. वन्संनी खुर्ची उचलली आणि टीव्हीकडे पाठ करून बसल्या.

"तू बघ आणि मला सांग. म्हणजे बघितल्यासारखंच झालं."

"आली," मी म्हटलं. "निळा झगा घातलाय."

"झगा नको, पाय सांग."

"दोन्ही आहेत."

"सुमन!"

"बरं, बरं. मागे मागे चाललीय... उडाली! उतरली, नीट उतरली."

"गुडघा वाकला होता का?"

"मला काय कळतंय! छान दिसलं."

"छान म्हणू नकोस मेले!"

मी जीभ चावली. मिका वळून आली, पुन्हा उडाली, आणि माझा आवाज गेला. बर्फावर माणूस पडताना आवाज होतो, तो मला मनालीपासून पाठ आहे.

"गप्प का झालीस?" वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या. "सुमन, बोल."

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण त्या पाठीशी मला खोटं बोलवेना.

"पडली हो."

"उठली?"

"उठतेय."

खुर्ची करकरली. वन्सं अख्ख्या वळल्या.

"आता पडलीच आहे. पडलेल्या पोरीला कोणाची मेली दृष्ट लागतेय? सरक बाजूला."

आणि बघायला लागल्या. मिका उठली, मनगट एकदा झटकलं, संगीत पुढे गेलं होतं ते धावत जाऊन गाठल्यासारखी निघाली. पुढच्या उडीला वन्संनी माझा दंड असा धरला की खूण अजून आहे. मिका उतरली. डगमगली, पण उभी राहिली.

"ओठ बघ," वन्सं म्हणाल्या. "रडू येऊ नये म्हणून दाताखाली धरलाय. शिरीष अस्साच धरायचा गं. आणि नाक सगळं युकीचं. केवढी झाली ही!"

वर्षभरात त्यांनी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

मिका बर्फावरून बाहेर आली, युकीने तिच्या खांद्यावर जाकीट टाकलं, दोघी बाकावर बसल्या. पडद्यावर आकडे यायला लागले. मी चष्मा शोधू लागले.

"वन्सं, कितवी आली बघा ना."

"गप गं," वन्सं म्हणाल्या. "मला तिला बघू दे."