सोयाबीनच्या स्वारीत हिंमतरावांचे पोट शर्थीने राखिले त्याची हकीकत

पोटातले ओठात आणू नये, ऐसा थोरांचा शिरस्ता. परंतु मौजे तामलवाडीचे राजमान्य राजश्री हिंमतराव पैलवान यांचे पोटातील वर्तमान आपले आपण आवाजानिशी गावभर गेले, सबब लपविण्याजोगे काही उरले नाही, म्हणोन कलम हाती धरिली. आई येडेश्वरी सांभाळोन घेवो.

हिंमतराव पन्नाशी उलटलेले, मिशा मात्र तरण्या. येरमाळ्याचे जत्रेत जुना हाडवैरी महांतप्पा याशी अखेरची कुस्ती धरितो, ऐसा भर चावडीत शब्द देऊन बसले. मागली हरले होते, आणि हीही हरली तर मिशा कोणास दाखवाव्या, ही फिकीर. मग ताकदीची तजवीज मांडिली. पैलवानाने भिजविलेला हरभरा खावा, ही वडिलार्जित चाल. परंतु घरात सोयाबीनची पोती थप्पीस लागलेली, आणि त्यात ताकद हरभऱ्याहोन जास्त ऐसे कोणी कानी घातले, मग हिंमतरावांनी सोयाबीन भिजविले आणि रोज ओंजळभर कच्चेच चावोन गिळिले. कुटुंब धुरपदाबाई बोलिल्या, "अवं, हरभरा न्हाय त्यो! उकडल्याबिगर झेपायचा न्हाय तुमास्नी." मसलत धुडकाविली.

मग आतड्याचे मुलखात अनर्थ मांडला. तेथे ट्रिप्सिन नामे विकर, बहुत शूर सरदार. आल्या प्रथिनाची खांडोळी करून रसद रक्तास पोहोचती करावी, ही त्यांची चाकरी. दरबार स्वादुपिंडाचा, आणि मोठा सावध. सरदार रवाना करणे ते तरवार म्यानात बांधोन, आणि म्यान उतरणे ते आतड्यात पोचल्यावरच, नाही तर आपलेच घर कापून काढावयाचे. आतड्यात रिकामे सरदार हिंडताना दिसले तर भरती बंद, न दिसले तर नवी कुमक, ऐसा कायदा. कच्च्या सोयाबीनातील गनीम प्रथिनाचेच सोंग घेऊन आला आणि मान पुढे केली, आणि सरदाराने घास समजोन चावा घेतला, आणि जबडा तेथेच अडकला. ना तुटे, ना सुटे. दरबारास रिकामा सरदार दिसेना, मग कुमक धाडिली, तीही अडकली, मग आणखी धाडिली, आणि खजिना रिता होऊ लागला. इकडे खासे हिंमतराव डबा घेऊन शिवारात मुक्कामास. तालमीत जोर काढिताना ऐसी तोफ सुटली की पोरे पांगली. महांतप्पाचे भय त्यांस नव्हते, परंतु भर जत्रेत पोटाने दगा दिला तर काय, या विचाराने पैलवानाचे डोळ्यांत पाणी आले.

कन्या सोनाली तुळजापुरी कॉलेजात रसायनशास्त्र शिके. तिने सारा प्रकार उकलोन सांगितला आणि वर बापास म्हणाली, "दादा, गनीम लई चिवट हाय, पण आगीला भितो. आईचं ऐका." मग धुरपदाबाईंनी फर्मान सोडिले की, कुकरातून गेल्याखेरीज एक दाणा कोणाचे तोंडी जाणार नाही. मग शिट्ट्यांचा मारा जाहला, आणि वाफेने गनिमाचे सोंग मोडोन पडले, आणि सरदार मोकळे हिंडू लागले, आणि ते पाहोन दरबाराने भरती थांबविली. हिंमतराव घरी राहू लागले.

ऐशात महांतप्पाचा जासूद गुंडाप्पा दूध मागण्याचे मिषाने येऊन गेला. पैलवान सोयाबीन भिजवितात, येवढे त्याने पाहिले. कुकर चुलीवर चढावयाचे आधीच खबर घेऊन पसार जाहला.

जत्रेत हलगी कडाडली. दोघांनी परस्परांस मिठी घातली, तोच महांतप्पाचे पोटातून जो गडगडाट उठिला तो हिंमतरावांनी तात्काळ ओळखिला. कानाशी लागोन पुसिले, "पाव्हणं, कच्चंच खाल्लं व्हय?"

"लई दिस झालं खातुया," महांतप्पा घामाघूम होऊन बोलिला. "सोड हिंमता, पाया पडतो."

हिंमतरावांस हसू आले आणि कळवळाही आला. मिठी सैल करिताच महांतप्पा आखाड्यातून निघोन थेट उसाचे फडात गडप जाहला. पंचांनी हिंमतरावांची फत्ते पुकारिली आणि फेटा पुढे केला. परंतु त्यांनी आधी पाण्याचा तांब्या मागविला, आणि तो हाती घेऊन उसाचे रोखे स्वये कूच केले.

मौजे तामलवाडीकडील फत्ते येणेप्रमाणे रुजू जाहली. गनिमास पाणी पोहोचले.