दिगंबरकाकांनी दिलेली यादी

सोमवारची पूजा आटोपून दिगंबरकाका चहा घेऊन टीव्हीसमोर बसले, तोच पडद्यावर लाल पट्टी झळकली आणि भोंगा वाजला. "मेडिकल अलर्ट!" पांढरा कोट घातलेला माणूस गंभीरपणे सांगू लागला, की रक्तदाबाच्या अमुक गोळीचा मूत्रपिंडाच्या विकाराशी संबंध असू शकतो, घेत असाल तर ताबडतोब फोन करा. काकांनी डबी आणून नाव ताडून पाहिलं. तीच गोळी! त्यांचे चाळीस वर्षांचे मित्र डॉक्टर राजीव यांनी लिहून दिलेली. अमेरिकेतल्या त्यांच्या गावच्या, पिस्कॅटवेच्या कीर्तन मंडळात निम्म्या लोकांना तीच होती.

काकांनी त्या दिवशीची गोळी घेतली नाही. फोन लावला.

"हाउ आर यू फीलिंग टुडे, सर?" पलीकडच्या बाईनं विचारलं. अमेरिकेत हा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारं पहिलंच माणूस काकांना भेटलं होतं. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. चक्कर येते का? आरतीनंतर मांडी सोडून उठताना येते. जगण्यातला आनंद कमी झालाय का? रिटायर होऊन पूल बांधणं सुटल्यापासून, जरासा. ही गोळी घेणारं आणखी कोणी ओळखीचं आहे का?

सरकार एवढं लोकांच्या जिवासाठी झटतंय, आणि आपण एकट्यानंच लाभ घ्यायचा? प्रसाद कधी एकट्यानं खातात का? काकांनी फ्रिजवरची मंडळाची यादी काढली आणि बेचाळीस नावं, फोन नंबरांसकट, स्पेलिंग सांगत वाचून दाखवली. पाऊण तास लागला. बाई एकदाही कंटाळली नाही.

दुसऱ्या दिवशी पिस्कॅटवेपासून आयसेलिनपर्यंत फोन खणखणू लागले.

"अहो," शरयूकाकू फोन ठेवत म्हणाल्या, "मंडळातल्या आसावरीला कोणी विचारतंय, तुमच्या डॉक्टरनं धोका लपवला का म्हणून. माझंही नाव आहे म्हणे त्यांच्याकडे. कोणी दिलं असेल हो?"

"मी!" काका अभिमानानं म्हणाले.

काकूंनी तडक लेकीला व्हिडिओ कॉल लावला. सावनीनं कपाळावर हात मारला. "बाबा, ते गव्हर्न्मेंट नाहीये, ॲड आहे! केस करायला लोक हवे असतात, म्हणून नावं गोळा करून वकिलांना विकतात."

"पण पांढरा कोट होता."

"ॲक्टर, बाबा! म्हणून तर काही स्टेट्सनी कायदे केलेत. 'मेडिकल अलर्ट' म्हणायचं नाही, पेड ॲड आहे हे क्लिअर सांगायचं, डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध बंद करू नका हेही सांगायचं."

"यात कुठं होतं ते?"

"असेल खाली, मुंगीच्या अक्षरात. बाबा, तुम्ही गोळी बंद नाही ना केलीत?"

काकांनी कॉल बंद केला.

संध्याकाळी राजीवचा फोन आला. "दिगंबर, वीस पेशंट्सनी विचारलं, गोळी घेऊ की नको. घ्या, बिनधास्त घ्या, सांगून घसा बसला. वर मला स्वतःला फोन! म्हणे, तुमच्या डॉक्टरवर केस करायची आहे का? म्हणजे माझ्यावर, मीच! माझंही नाव दिलंस?"

"तूही मंडळात आहेस ना."

"होतो. शनिवारी तबल्याला दुसरा बघा."

हे मात्र काकूंच्या जिव्हारी लागलं. सत्तराव्या वर्षी त्यांचं पहिलं पूर्ण कीर्तन शनिवारी होतं. तीन महिने त्या आणि राजीव तालमी करत होते. "चाळीस वर्षांचा मित्र घालवलात," एवढंच म्हणून त्या देवापाशी जाऊन बसल्या.

काकांनी गपचूप फोनवर तबल्याचं फुकट ॲप घेतलं.

शनिवारी हॉल भरला. काका पेटीवर, शेजारी स्पीकरला जोडलेला फोन. राजीव आला होता, पण शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसला. काकूंनी नमन केलं, पूर्वरंग रंगला. विश्वासावरचं निरूपण, मधे अभंग, लय चढत गेली, झांज टिपेला पोचली आणि तबला थांबला. भोंगा वाजला.

"मेडिकल अलर्ट!" स्पीकरमधून आवाज घुमला. फुकट ॲपला मधेमधे जाहिराती असतात, हे काकांना ठाऊक नव्हतं.

काकूंनी झांज खाली ठेवली. "ही नारदाची गादी आहे. इथं मला खोटं बोलता येत नाही आणि माझ्या शेजारी बसून तुम्हालाही नाही. उठा."

काका पेटीला धरून उठले. "मंडळी, तुमची नावं मी दिली. जाहिरातीला मी सरकार समजलो. राजीवनं कुणापासून काही लपवलेलं नाही. चाळीस वर्षांचा डॉक्टर मित्र सोडून मी टीव्हीवरच्या कोटावर विश्वास ठेवला. माझ्यामुळे ज्यांनी गोळी सोडली, त्यांनी हात वर करा आणि मला माफ करा." त्यांनी आधी स्वतःचा हात वर केला.

दुसरा हात काही वर होईना.

"आम्ही लगेच राजीवला विचारलं," आसावरीमावशी म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यावरून आम्ही कधी काही केलंय का?"

हॉल हसला. काकांना हायसंही वाटलं आणि जरा लागलंही. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक हात हळूहळू वर आला.

"राजीव? अरे, तू?"

"मीही सोमवारी ती जाहिरात पाहिली," राजीव खाली बघत म्हणाला. "मीही तीच गोळी घेतो. पांढरा कोट बघून दचकलो आणि सोडली यार, खरंच. तुम्हा सगळ्यांना विचारायला मी होतो. मी कुणाला विचारणार?"

 काकूंनी तांब्या-भांडं पुढे सरकवलं. काकांनी झब्ब्याच्या खिशातून डबी काढली, राजीवला पुढे बोलावलं आणि हात जोडून विचारलं, "डॉक्टर, किती घेऊ?"

"एक. नेहमीसारखीच."

काकांनी घेतली. राजीव घुटमळत तिथंच उभा राहिला.

"आणि मी?" त्यानं हळूच विचारलं.

जन्मभर पूल बांधलेल्या काकांनी क्षणभर विचार केला, एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "तूही एकच घे. आणि तबल्यावर बस. आख्यान अजून बाकी आहे."