वुंबेईबाबांनी मिळवलेला एक

मावुसीच्या लायब्ररीबद्दल चार वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, आणि याचा तिला भारी अभिमान होता. यामच्या कंदांवर देशभर जे प्रयोग चालत, त्यांचा सगळा माहितीसाठा कुमासीतल्या तिच्या केंद्रात होता. त्यातली हवी ती नोंद कुणालाही चार ओळींत काढता यावी म्हणून तिने पायथन या संगणकाच्या भाषेत ही तयार कोडची लायब्ररी लिहिली आणि फुकट वाटली. पत्रं यायची ती फक्त आभाराची. आभारांनी पोट भरत नाही, पण मावुसीचं मन मात्र काठोकाठ भरलेलं असे.

गुरुवारी जुना कोड चाळताना तिला दरदरून घाम फुटला. पायथन शून्यापासून मोजतं, शेतकरी एकापासून. मधला तो एक मिळवायचा तिच्याकडून राहूनच गेला होता! चार वर्षं पहिला वाफा ‘शून्य’ आणि बारावा वाफा ‘अकरा’ म्हणून दिसत होता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने गुपचूप ती ओळ दुरुस्त केली, नवी आवृत्ती सोडली आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तळलेली केळी खायला निघून गेली.

शुक्रवारी सकाळी तामालेच्या प्रयोगशेतावरून पत्र आलं. “नव्या आवृत्तीबद्दल शतशः आभार. कालपासून आमचा शेवटचा वाफा कुंपणाबाहेर, मशिदीच्या अंगणात जातोय. पण इमामसाहेब भले गृहस्थ आहेत, आम्ही त्यांची परवानगी काढू. आपण तसदी घेऊ नये.”

मावुसीने पत्र दोनदा वाचलं. म्हणजे लोकांच्या लक्षात आलं होतं! सगळे आपापल्या घरी मुकाट्याने एक मिळवत होते. आता तिनेही मिळवला होता. आणि आज एजुराच्या शेतात कंद चाखायचा दिवस होता. बाराव्या वाफ्यातले कंद काढून शिजवायचे होते. शेजारच्या तेराव्यात संशोधक डॉक्टर अम्पोमांची नऊ वर्षांची तपश्चर्या होती: करप्याला दाद न देणारा वाण. सगळे मिळून सोळा कंद, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

तिने शेतावरच्या मुकादमाला फोन लावला.

“वुंबेईबाबा, कुठला वाफा उकरलात?”

“तेरावा. यंत्रानं बारा सांगितलं, आम्ही नेहमीसारखा एक मिळवला.”

“नेहमीसारखा! चार वर्षांत मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?”

“अगं पोरी, तू फुकट देतेस. धर्माची गाय आणि दात का नाय, असं विचारायचं? इतके बेशरम नाही आम्ही.”

“कंद कुठायत, बाबा?”

“पातेल्यात. पाहुणे बरेच आलेत ना, सोळाच्या सोळा टाकले.”

“आणि डॉक्टर?”

“जेवतायत. आत्ताच दुसऱ्यांदा वाढून घेतलं.”

मावुसी मिळेल त्या खच्चून भरलेल्या ट्रोट्रो गाडीत बसली. एका मांडीवर कुणाची तरी कोंबडी, दुसऱ्या मांडीवर संगणक, अशा थाटात तिने वाटेतच नवी आवृत्ती मागे घेतली आणि जुनी चूक जागच्या जागी बसवली. एजुरा येण्याआधीच आभाराची पाच पत्रं आली. ती वाचताना तिला रडूच फुटलं. एवढी भली माणसं, आणि आपण त्यांच्या विश्वासावर अशी कुदळ घातली!

डॉक्टर कडुनिंबाखाली ताट घेऊन बसले होते. “ये, ये, जेवायला बस,” त्यांनी हाक मारली. मावुसीने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातातली फोड तोंडापर्यंत गेली होती, ती परत ताटात आली.

“तेरावा?” ते म्हणाले.

“अहो, तेरावा असो नाही तर तिसावा,” स्वयंपाकीण लारिबाबाई फणकाऱ्याने म्हणाल्या, “यामचं डोकं कुणी शिजवतं का? आईनं हातावर पळी मारून शिकवलंय मला. शेंडा कापायचा, राख लावायची, पुन्हा मातीला द्यायचा, की त्यातूनच नवा वेल फुटतो.” आणि त्यांनी चुलीमागून टोपली पुढे ओढली. राखेने माखलेली सोळा डोकी.

डॉक्टरांनी ती एकेक करून मोजली, एकापासून. पुन्हा एकदा मोजली. मग टोपली पोटाशी धरून ते तिथेच मातीत बसले. “बाई, तुमचे उपकार कसे फेडू?” ते म्हणाले.

“फेडू नका. ताटातलं संपवा.”

“सर, मला शिव्या द्या,” मावुसी म्हणाली. “आजवर कुणी दिल्या नाहीत, म्हणून तर हे झालं.”

डॉक्टरांनी ती थंड झालेली फोड तोंडात घातली आणि डोळे मिटून सावकाश चावली. “नऊ वर्षं जपला हा वाण. एक कंद चुलीवर ठेवायची छाती झाली नाही. कसा लागतो, तेच मला ठाऊक नव्हतं.” त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, “पुढच्या वर्षी याच सुमाराला अशी एखादी चूक करता येईल का गं?”